दौलताबादला नारळ नसतात

आक्का सकाळी गेली. दुपारी मी सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीत शिरलो तेव्हा कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला फ्लेक्स लागलेलाही होता. माझी सख्खी थोरली बहीण अजून घरात चादरीखाली होती, करमाडची माणसं अजून यायची होती, आणि इकडे चौकात तिचा चेहरा एका लंबगोलात बसवून नारिंगी आभाळात टांगलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली शोकाकुल म्हणून वॉर्डातल्या झाडून सगळ्या इच्छुकांचे फोटो, त्यात काही गॉगल घातलेले. तेही एक वेळ सोसलं असतं, आपल्याकडे हल्ली फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटतच नाही. पण त्या लंबगोलामागचं चित्र पाहून मला भर चौकात मळमळून आलं... दौलताबादचा किल्ला, मागे सूर्यास्त, आभाळात टिकमार्कासारखे पक्षी, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी नारळाची झाडं. कोपऱ्यात आक्काचं नाव. ते चित्र माझ्या भाच्याने, राजूने, मोठ्या अभिमानाने निवडलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डोळे पुसत सांगत होता, आईच्या हातचं पेंटिंग आहे.

ते आईच्या हातचं नव्हतं. आता काही आठवडे झाले, फ्लेक्स उन्हाने विटला, त्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा चढला, पण माझी किळस काही उतरत नाही. माझी बहीण साठी ओलांडल्यावर चित्र काढायला शिकली आणि शेवटपर्यंत शिकत राहिली. तिने काय काढलं आणि काय काढलं नाही, एवढं तरी कुठेतरी नीट छापून यावं म्हणून हे लिहितो आहे.

खरं म्हणजे किळस हा आमच्या घरात आक्काचा प्रांत. करमाडला लहानपणी दुधावरची साय तोंडाशी आली तरी ती न्हाणीकडे पळायची. उष्टं, पातेल्याला लागलेली खरवड, लग्नाच्या पंगतीतली ओली पत्रावळ, कुणी जोरात खाकरलं... सगळ्याची तिला शिसारी. पाल दिसली की आख्खं स्वयंपाकघर धुऊन निघायचं, आणि पाल गेलेली असली तरी निघायचं. आमचे दाजी बिचारे शांत गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर स्वतःचा वेगळा पेला वापरला आणि तो स्वतः विसळला. ते गेले तेव्हा आक्का तो पेला हातात घेऊन बराच वेळ बसली होती, ते मी पाहिलेलं आहे. पण दुसऱ्या दिवशी तिने तो चिंच लावून घासून टाकला, हेही पाहिलेलं आहे.

दाजी गेल्यावर तिची साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, आणि ती दिवसभर घरात बसून सुनेच्या कामात घाण शोधायला लागली. तेव्हा राजूने तिला एका हॉबी क्लासला घातलं. बायकांची दुपारची बॅच, एका बंगल्याच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मी तिला सोडायला जायचो म्हणून तिथलं शिक्षण मला ठाऊक आहे. सरांकडे चित्रांचे तयार झेरॉक्स असायचे. खाली कार्बन पेपर घालायचा, वरून गिरवायचं, आणि मग सर सांगतील त्या बाटलीतला रंग सांगतील त्या चौकटीत भरायचा. चूक व्हायला जागाच नाही. बायका खूष, कारण दर महिन्याला भिंतीवर लावण्याजोगं काहीतरी घरी जायचं. आक्काने पहिल्या दिवशी घरी येऊन विचारलं होतं, ह्यात आपण काय करतो? भाजीला फोडणी शेजारणीने द्यायची आणि आपण नुसतं ढवळायचं, असा तो प्रकार आहे, असं तिचं म्हणणं. तरी ती जात राहिली. पोराने हौसेने घातलंय, म्हणून.

मग दौलताबाद आलं. वार्षिक प्रदर्शनासाठी सगळ्यांनी एकच किल्ला रंगवायचा होता, सरांच्या झेरॉक्सवरून. आक्का मला म्हणाली, बघून तरी येऊ. रिक्षा करून गेलो. वर चढणं तिच्या पायांना शक्यच नव्हतं, म्हणून खाली रस्त्याच्या कडेला पेरू-सीताफळं विकणाऱ्या बायकांच्या ओळीत आम्ही बसकण मारली. आक्का मांडीवर पाट घेऊन डोंगराकडे बघत राहिली. ती इतका वेळ एका जागी एवढी गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. शेवटी तिने जे काढलं ते म्हणजे उपडी ठेवलेली कढई आणि तिच्याशेजारी खोचलेली उदबत्ती. कढई म्हणजे किल्ला, उदबत्ती म्हणजे मिनार. मी हसलो, तीही हसली. मग शेजारच्या पेरूवालीला तिने विचारलं, "बाई, इथं नारळाची झाडं कुठशी हायेत?" ती बाई आमच्याकडे वेड्यासारखी बघत म्हणाली, "नारळ? इथं कुठले व नारळ? सीताफळं न्या."

दुसऱ्या दिवशी आक्काने सरांना जाऊन सांगितलं की तिथे नारळ नाहीत, काटेरी झुडपं आहेत आणि खडक काळा आहे, नारिंगी नाही. सर हसले. काकू, चित्रात सगळं चालतं, म्हणाले, बघणाऱ्याला छान वाटलं म्हणजे झालं. त्या माणसाचं ते हसू मला अजून आठवतं, तूप लावल्यासारखं. आक्काने नारळ गिरवायचं सोडलं आणि कॅनव्हास अर्धवट ठेवून ती घरी आली. आता ह्या क्लासांची एक रीत आहे, ती वाचकांना माहीत नसेल तर सांगतो. प्रदर्शनाच्या आधी सर सगळ्या चित्रांवरून 'शेवटचा हात' फिरवतात. म्हणजे तुमचा किल्ला ते पुसतात आणि स्वतःचा काढतात. ह्यात कुणाला काही वाटत नाही, उलट ज्याच्यावर सरांचा हात जास्त फिरला तो भाग्यवान. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आम्ही गेलो तर भिंतभर तोच सूर्यास्त, तेच पक्षी, खाली फक्त नावं वेगळी. आक्का आपल्या नावाच्या चित्रापुढे उभी राहिली. तिने सोडून दिलेला सगळा कॅनव्हास भरून आला होता, नारळांसकट.

"शी," ती म्हणाली. "दत्ता, हे मी नाय काढलं."

शेजारच्या बायकांना तो विनय वाटला. सरांनी पाठीवर थाप मारली, कुणीतरी शाल घातली, राजूने फोटो काढले. आठवड्याभरात ते चित्र सोनेरी फ्रेममध्ये हॉलच्या भिंतीवर चढलं. मी आक्काला म्हणालो, उतरव ती घाण. ती म्हणाली, राहू दे, पोराला आवडतंय. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

क्लास सुटला आणि तिची चित्रकला सुरू झाली. पेन्सिल, खोडरबर, आणि मी आणून दिलेले जाड ड्रॉइंग पेपर. पहिली वस्तू स्टीलचा पेला. चित्रातल्या पेल्याचं तोंड पुनवेच्या चंद्रासारखं वाटोळं आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सपाट. ती स्वतःच म्हणाली, ह्यातलं पाणी सांडंल. पुन्हा काढला, पुन्हा सांडला. मी जेव्हा जेव्हा जायचो तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर तोच पेला आणि समोर आक्का. मला शाळेतलं जे काही अर्धंमुर्धं आठवत होतं ते सांगायला गेलो तर तिने मला गप्प केलं. एकदा पाहतो तर ती ओट्यावर गाल टेकवून, एक डोळा मिटून, पेल्याच्या काठाकडे बघते आहे. मग हळूहळू मान वर उचलते, पुन्हा खाली नेते. जिच्या ओट्यावर कुणी कोपर टेकवलं तर ती ओटा पुसून घ्यायची, ती गाल लावून बसलेली. मला म्हणाली, वरून बघितलं की तोंड गोल असतं, डोळ्यासमोर धरलं की नुसती रेघ, आणि आपण मधी कुठंतरी असतो म्हणून ते चपटं दिसतं. एवढं आयुष्य ह्या पेल्यातून पाणी पिलं आणि त्याला बघितलंच नाय, असं म्हणून ती बराच वेळ स्वतःवर चिडून बसली.

त्यानंतर तिला थांबवणं कुणाला जमलं नाही. कुकरची शिट्टी, चिमटा, वाळत टाकलेलं फडकं. आणि मग ती पाल. खिडकीच्या फटीत पाल मरून पडली होती आणि स्मिता, तिची सून, ती सासूला दिसायच्या आत काढून टाकायला कागद घेऊन धावली. आक्का म्हणाली, राहू दे. खुर्ची ओढली आणि काढायला बसली. पोट, बोटं, वळलेली शेपटी. मी विचारलं, आक्का, शिसारी नाही येत? तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "नुसती नजर टाकली की घाण वाटती रे. बघत बसलं की नाय वाटत. मंग ती पालच दिसती."

माझी बहीण ह्यापेक्षा मोठं काही आयुष्यात बोललेली मला आठवत नाही. पुढे तिने किडकं वांगं काढलं, आतल्या अळीसकट. पोछा काढला. बुरशी आलेला पाव काढला आणि त्यासाठी तो डब्यात राखून ठेवला, तेव्हा स्मिताने कपाळाला हात लावला. पाहुण्यांसमोर हे कागद नकोत म्हणून ते आक्काच्या गादीखाली जाऊ लागले. राजूचा सूर एकच, आई, तू ते दौलताबाद किती छान काढलं होतंस, तसं का काढत नाहीस? हॉलमध्ये सोफ्यासमोर ते नारळ झगमगत होते आणि आत गादीखाली खरं काम दबलं जात होतं. मला त्या घराचा वीट आला होता. चहाला बोलावलं तरी मी सरळ आतल्या खोलीत जायचो.

पायाची जखम नव्या चपलेने झाली. साखरेच्या माणसाला तेवढी पुरते. आधी फोड, मग बोट गेलं, मग तळव्यापर्यंत उतरली. राजू कंपनीत, शेंद्र्याला, सकाळी जायचा तो रात्री यायचा. ड्रेसिंग स्मिता करायची. मी दुपारी जाऊन बसायचो. एके दिवशी आक्काने मला न्हाणीघरातला आरसा काढून आणायला सांगितला. तळवा तिला स्वतःला दिसत नव्हता आणि तिला तो काढायचा होता. स्मिताने पट्टी सोडून ठेवली आणि ती उकळत्या पाण्याकडे गेली. मी पलंगाच्या पायथ्याशी आरसा धरून बसलो. काय सांगू... तो वास. ज्याने घेतला त्यालाच माहीत. मी खिडकीबाहेर बघू लागलो, शेजारच्यांच्या गच्चीवर वाळणारे पापड मोजू लागलो. इकडे कागदावर पेन्सिलचा आवाज, अगदी शांत.

"तोंड फिरवू नको," आक्का म्हणाली. "आरसा हलतोय."

मी आरसा घट्ट धरला, पण तोंड फिरवलेलंच ठेवलं. चित्र पुरं झाल्यावर तिने ते मला दाखवलं. पाय होता. पेल्याची, पालीची, वांग्याची होती तशीच साधी, हळूहळू गेलेली रेघ. मी म्हणालो, छान. ती म्हणाली, छान कशाला, पाय हाय. महिन्याभरात ती गेली.

अस्थी कायगाव टोक्याला नेल्या. गाडीतून उतरताना राजूच्या हातात मडक्याबरोबर एक पिशवी होती. आईच्या आवडीचं आईबरोबर जाऊ दे, म्हणाला. मला वाटलं साडी असेल. त्याच्या चुलतीने आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं की मेलेल्या माणसाच्या जखमेचं चित्र घरात ठेवणं बरं नाही, हे मला नंतर समजलं. राजूने पिशवी उलटी केली आणि गादीखालचं सगळं गोदावरीत पडलं. राख गेली, फुलं गेली, कागद जाईनात. जाड ड्रॉइंग पेपर लगेच बुडत नाही. पाल वर तोंड करून तरंगू लागली, वांगं तरंगू लागलं, पेले तरंगू लागले. घाटावरची माणसं वाकून बघायला लागली. तेव्हा क्रियाकर्म करणाऱ्या गुरुजींनी कुणाकडून तरी काठी घेतली आणि ते कागद एकेक करून खाली दाबायला लागले, बुडत्या मांजराला दाबावं तसे. मंत्र चालूच होते.

मी आयुष्यात खूप ओंगळ गोष्टी पाहिल्या आहेत, पण त्या काठीइतकी ओंगळ एकही नाही. चपला काढायचंही भान राहिलं नाही. तसाच पाण्यात उतरलो आणि हाताला लागतील ते कागद ओढले. पुष्कळसे गेले. मामांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं चुलती म्हणाली, ते मला पाण्यात ऐकू आलं. राजू रडत होता आणि मी बाहेर आल्यावर त्याला म्हणालो की तुझ्या आईला तू दोनदा बुडवलंस. हे बोलायला नको होतं म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही. तेराव्याला ते सर आले आणि हॉलमधल्या चित्राकडे हात करून, काकूंच्या ठायी सौंदर्यदृष्टी होती, असं बोलले. मी जेवायला थांबलो नाही.

पेन्सिल पाण्याने जात नाही, हे मला कागद वाळल्यावर कळलं. पेला राहिला, अर्धी पाल राहिली, आणि पाय आख्खा राहिला. तो मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. त्या घरात ह्याची किंमत कुणाला नाही, मी आहे तोवर हा इथे राहील, असं मनाशी ठरवून टाकलं. मागच्या आठवड्यात स्मिता आली, एकटीच. मला वाटलं राजूच्या वतीने भांडायला आली असेल, आणि मी त्या तयारीतच होतो. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. टेबलाशी जाऊन वाकली आणि काचेवर, जखमेच्या जागी, बोट ठेवलं.

"एवढी नव्हती, मामा," ती म्हणाली. "ह्याच्या दुप्पट होती. इथून आत हाड दिसायचं. आईंनी ते काढलंच नाही."

मी फणकारलो. आक्काने जन्मात खोटी रेघ मारली नाही, म्हणालो, आरसा मीच धरला होता. ती म्हणाली, हो, पण तुम्ही बघत नव्हतात. त्यात टोमणा नव्हता, ती नुसतं सांगत होती. मग खुर्चीवर बसून तिने बाकीचं सांगितलं. पट्टी सोडली की तिला ओकारी यायची. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची आणि ओकायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आक्काला नळाचा अर्थ कळला असणार. तिने एक दिवस हा कागद स्मितापुढे धरला. म्हणाली, आधी हे बघ, मग पट्टी सोड.

"म्हणाल्या, एवढंच तर हाय, दुसरं काय नाय," स्मिता म्हणाली. "मग मी रोज आधी हे बघायचे. ओकारी थांबली नाही, पण हात थांबत नव्हता."

राजूने गादीखालचं सगळं उचललं त्यात हाही गेला. घाटावर सगळ्यांसमोर तिला बोलता आलं नाही. मी पाण्यात उतरलो तेव्हा ती मनात म्हणत होती, पाय आणा, पाय आणा... एवढं सांगून तिने विचारलं, हे मला द्याल का. मी काच उचलली. गुंडाळी करायला लागलो तर म्हणाली, गुंडाळू नका, चुण्या पडतील, आणि कागद दोन्ही तळहातांवर तसाच सपाट धरून रिक्षात बसली.

काल मी त्यांच्याकडे गेलो होतो. हॉलमध्ये नारळ आहेत, त्यांना आता हारही घातलेला आहे. मला पूर्वीसारखंच मळमळलं आणि मी पूर्वीसारखाच सरळ आतल्या खोलीत गेलो. पलंगासमोरच्या कपाटाच्या दारावर स्मिताने तो पाय लावलाय. ड्रेसिंगची चिकटपट्टी उरली होती, तिचेच चार तुकडे चार कोपऱ्यांना. मी पलंगाच्या कडेला, आक्का बसायची तिथे बसलो आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. जखम खरंच लहान काढली आहे. स्मिताला सोसेल एवढीच.